काढा मुलाला, उरलंसुरलं तुम्हाला

पत्राचा सारांश: पत्र इंदूरहून आलंय. लिहिणाऱ्या बाई पस्तिशीतल्या. घरात नवरा, सासू-सासरे आणि सहा वर्षांचा मुलगा. मुलगा पहिलीत गेल्यापासून दर महिना-दीड महिन्यानं सर्दी-खोकला घेऊन येतो, मधूनच तापतो. ‘ह्याची इम्युनिटीच कमी आहे’ असं शेजारणीपासून व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत सगळे सांगतात. म्हणून त्यांनी रोज सकाळी गुळवेल, तुळस, सुंठ, मिरी, दालचिनी, ज्येष्ठमध असा काढा सुरू केला. मुलगा साडेसहाला ओट्याशी नाक दाबून उभा राहतो, एक घोट पितो आणि दुसरा बेसिनमध्ये जातो. त्यावर आवळ्याचा रस, व्हिटॅमिन सीच्या गोळ्या, दुधात चॉकलेटी पावडर. बाहेरचं खाणं बंद, अगदी रविवारचे पोहे-जिलबीसुद्धा. सासूबाई वैतागल्यात: ‘लेकराला नीट जेवू दे, आमची मुलं काय काढे पिऊन मोठी झाली?’ नवरा ‘भांडू नका’ एवढंच म्हणतो. सासऱ्यांना मधुमेह आणि बीपी आहे, तेही ‘मलाही दे’ म्हणून तोच काढा गूळ घालून घेतात. पत्राच्या शेवटी ओघात आलेली दोन वाक्यं: ‘माझं काही विशेष नाही. सगळ्यांचं झालं की उरलेलं खाते, गुरुवार आणि चतुर्थी धरते, चहावर दिवस निघतो; हल्ली दोन जिने चढले की धाप लागते, केस फार गळतात, तोंड येतं.’ त्यांचे प्रश्न दोन: इम्युनिटी वाढवायला आहार कोणता ठेवू? आणि सासूबाईंना कसं पटवू?

*

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. सासूबाईंना पटवू नका. त्या बऱ्याच अंशी बरोबर बोलतायत.

आता पहिला प्रश्न. त्यात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरलीय, की तुमच्या मुलाची प्रतिकारशक्ती कमी आहे. पत्र दोनदा वाचलं, पण मला तसं काही दिसलं नाही. लहान मुलांना वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणं हे बालरोगतज्ज्ञांच्या हिशेबात बसणारं आहे. शाळेत नव्यानं जाऊ लागलेल्या मुलाला त्याहून थोडी जास्तही होते. सर्दीच्या विषाणूंतला एकटा ऱ्हायनोव्हायरस घेतला, तरी त्याचे शंभराहून जास्त प्रकार आहेत. एका वर्गात तीस-चाळीस मुलं, एकमेकांच्या बाटल्या, एकच पेन्सिल चारजणांच्या तोंडात. तिथून मूल कोरडं घरी येईल कसं? प्रत्येक नव्या विषाणूशी त्याच्या शरीराची गाठ पडते, ओळख होते, आणि पुढल्या वेळी तोच विषाणू आला तर काम लवकर उरकतं. ह्यालाच प्रतिकारशक्ती तयार होणं म्हणतात. ती नाकातून शेंबूड गाळतच तयार होते, त्याला इलाज नाही.

तेव्हा मोजायचंच असेल तर सर्द्या मोजू नका, इतर गोष्टी बघा. सर्दी आठ-दहा दिवसांत आपोआप जाते का? दोन आजारांच्या मधल्या काळात पोरगा हुंदडतो का? उंची-वजन वाढतंय का? गेल्या वर्षीची शाळेची पॅंट आखूड झाली असेल तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं. काळजी करावी अशी लक्षणं वेगळी आहेत: वर्षात दोनदा न्यूमोनिया, वर्षात चार किंवा जास्त वेळा कानात पू, अँटिबायोटिक दोन-दोन महिने देऊनही गुण नाही, अंगावर खोल गळवं पुन्हा पुन्हा येणं, वजन न वाढणं. यातलं काही असेल तर काढ्याचा आणि आहाराचा विचार बाजूला ठेवून मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे न्या. तुमच्या पत्रात यातलं एकही नाही.

‘इम्युनिटी वाढवणं’ ह्या कल्पनेकडेही जरा तिरप्या नजरेनं बघा, अशी माझी विनंती आहे. प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी चांगली, असा तिचा कारभार नाही. सर्दीत नाक वाहतं, अंग तापतं, घसा सुजतो, तो बराचसा आपल्याच प्रतिकारयंत्रणेचा खटाटोप असतो. धुळीचा एक कण पाहून ती खवळली की त्याला आपण अ‍ॅलर्जी म्हणतो, दमा म्हणतो. स्वतःच्याच सांध्यांवर उलटली की संधिवाताचा एक वाईट प्रकार होतो. त्यामुळे बाटलीवर ‘इम्युनिटी बूस्टर’ लिहिलेलं दिसलं की विचारावं, नक्की काय बूस्ट करताय बुवा?

खाण्याचा आणि प्रतिकारशक्तीचा संबंध आहे, आणि तो भक्कम आहे. फक्त तो उलट्या बाजूनं काम करतो. पोट भरून, मिळून-मिसळून जेवणाऱ्या माणसाला वरून आणखी काही दिल्यानं फारसा फरक पडत नाही. ज्याच्या ताटात कमी आहे त्याची कमतरता भरली की मात्र चमत्कार वाटावा इतका फरक पडतो. याचा आपल्या देशातला पुरावा ताजा आहे. झारखंडच्या चार जिल्ह्यांत 2019 ते 2022 या काळात टीबीच्या रुग्णांच्या घरच्या दहा हजारांहून अधिक माणसांवर एक अभ्यास झाला. काही घरांतल्या माणसांना दरमहा दरडोई पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. ज्या घरांना हे मिळालं तिथे नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण दुसऱ्या घरांपेक्षा सुमारे 40 टक्क्यांनी कमी निघालं. 2023 मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात आले. त्या यादीत परदेशी बी नाही, कसली पावडर नाही, गुळवेलही नाही. सासूबाईंना हे वाचून दाखवा, खूश होतील.

आता तुमच्या ओट्यावरच्या एकेका गोष्टीबद्दल.

व्हिटॅमिन सीची कहाणी जुनी आहे. दोन नोबेल मिळवलेल्या लायनस पॉलिंग यांनी 1970 मध्ये ठासून सांगितलं की मोठ्या मात्रेत ते घेतलं तर सर्दी टळते, आणि जगानं त्यांचं ऐकलं. पुढे अकरा हजारांहून अधिक लोकांवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा निघालं ते असं: रोज गोळ्या घेतल्या तरी सामान्य माणसाला सर्दी होते तितकीच वेळा होते. ती थोडी लवकर जाते; मोठ्यांत साधारण 8 टक्के, मुलांत 14 टक्के. म्हणजे आठवडाभराच्या सर्दीत मुलाचा एखादा दिवस वाचला. आणि सर्दी झाल्यावर गोळ्या सुरू केल्या तर तेवढाही भरवसा नाही. गोळ्या संपल्या की नव्या आणू नका. हिवाळ्यात हातगाडीवर जाम (म्हणजे पेरू) मिळतात, त्यातला एक चिरून तिखट-मीठ लावून द्या. मोठ्या माणसाची दिवसभराची सीची गरज एका मध्यम जामात भागून वर उरते. आवळ्यात तर त्याहून जास्त असतं, पण मूल रस थुंकत असेल तर आवळ्याचं लोणचं किंवा किसून मीठ लावलेला आवळा चालेल की.

काढ्यावर माझा राग नाही. कोविडच्या सुरुवातीला, 2020 मध्ये, आयुष मंत्रालयानं तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी आणि मनुकांचा काढा सुचवला, तेव्हापासून तो घराघरात शिरलाय. घसा दुखत असताना गरम, तिखट काहीतरी पोटात गेलं की बरं वाटतं, ते खरंच आहे. मोठ्यांनी आजारपणात दोन-चार दिवस घ्यावा. पण निरोगी सहा वर्षांच्या मुलाला रोज उपाशीपोटी, नाक दाबून? त्यातून त्याला मिळतंय काय, तर सकाळ म्हणजे शिक्षा. आणि मग काढ्याची चव जावी म्हणून गोड दूध, त्यानं पोट भरतं, मग डब्यातली पोळी-भाजी तशीच परत येते. हे सगळं तुम्ही पत्रात लिहिलंयत, फक्त वेगवेगळ्या परिच्छेदांत. ओळीनं वाचलं की कडी जुळते.

सासऱ्यांचा काढा मात्र आजच थांबवा. इथे मी ‘जमलं तर’ म्हणत नाहीये. ज्येष्ठमध रोज पोटात गेलं की बीपी वाढू शकतं आणि रक्तातलं पोटॅशियम उतरू शकतं. बीपीच्या माणसाला ते नकोच. गुळवेल साखर कमी करते असं म्हणतात, मग मधुमेहाच्या औषधावर ती घेतली तर साखर किती उतरेल ह्याचा हिशेब कोण ठेवणार? शिवाय गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. तो वाद तज्ज्ञांना करू दे, आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसावर प्रयोग नको. आणि वरून गूळ! त्यांनी आतापर्यंत काय काय घेतलं ते त्यांच्या डॉक्टरांना सांगा. आपल्याकडे लोक ‘घरगुतीच तर आहे’ म्हणून हे सांगतच नाहीत. त्यांची प्रतिकारशक्ती सांभाळायची असेल तर साखर आटोक्यात ठेवणं ह्याइतकं मोठं औषध नाही. वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी मंद पडतात. 2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीनं माणसं पटापट पकडली, त्यांतल्या बहुतेकांची साखर हाताबाहेर गेलेली होती. दर तीन महिन्यांची ती एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी) तपासणी चुकवू नका, आणि फ्लूच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा. शरीराला एखाद्या रोगाशी लढायला नेमकं शिकवायचं तर ते काम लस करते. मुलाच्याही पाच-सहा वर्षांच्या वेळच्या बूस्टरची नोंद कार्डावर आहे का, एकदा काढून बघा.

चॉकलेटी पावडरीचा डबा उलटा करून साखरेचा आकडा वाचा, मी वेगळं सांगायला नको. 2024 च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन दुकानांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ ह्या सदरातून काढायला सांगितली, कारण कायद्यात तशी काही व्याख्याच नाही. हळद-दूध आवडीनं पीत असेल तर खुशाल द्या. नसेल तर साधं दूध द्या.

आणि पोह्यांनी तुमचं काय बिघडवलं? रविवारी सकाळी सगळं घर गाडीवर उभं आहे, खाली उकळत्या पाण्याच्या वाफेवर परात, वरून शेव, जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला), कांदा, लिंबू. ह्यात मुलाला घाबरण्यासारखं फारसं काही नाही. आपल्या इंदुरात उसळ-पोहे मिळतात, तेच मागा. मोड आलेल्या कडधान्यात प्रथिनं आहेत, जस्त आहे, आणि मोड आणल्यामुळे ते अंगी लागायला सोपं जातं. वरचं लिंबू लोह शोषायला मदत करतं. एवढं सगळं पानाच्या एका दोन्यात, तेही मूल स्वतःहून खातंय. जिलबी एक, शेव जरा कमी, बस्स. रोज रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात जाऊन तळलेलं खाणं आणि आठवड्यातून एकदा पोहे खाणं, ह्यांत फरक करा. पोट बिघडू नये म्हणून बघायचं असेल तर गाडीवाल्याचे हात, पाणी आणि प्लेट धुण्याची बादली बघा. पावसाळ्यात उघड्यावरची चटणी आणि बर्फाचं काही टाळलंत की पुष्कळ झालं.

घरचं जेवण कसं ठेवायचं, ह्याला तक्ता देणार नाही. 2024 मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं भारतीयांसाठी आहाराच्या सूचना काढल्या, त्यात आहे तेच आपल्या आजीच्या ताटात होतं: डावीकडे कोशिंबीर, उजवीकडे भाजी, डाळ किंवा उसळ, ताक किंवा दही, एखादं फळ. फक्त हल्ली डावी-उजवी बाजू आखडलीय आणि मधला भात-पोळीचा ढीग वाढलाय. हिवाळ्यात मंडई हिरव्यानं भरते: मेथी, पालक, बथुआ (चाकवत), हिरवा बटला (मटार), गाजरं. गाजराच्या कोशिंबिरीला सासूबाईंच्या तुपाची फोडणी बसू दे. गाजरातलं अ जीवनसत्त्वाचं द्रव्य स्निग्ध पदार्थाशिवाय नीट शोषलं जात नाही. बघा, त्यांच्या तुपालाही शास्त्राचा आधार निघाला. इंदूर 2017 पासून स्वच्छतेत वर राहिलं ते रोज सकाळी न चुकता येणाऱ्या कचरागाडीमुळे, एखाद्या दिवसाच्या मोहिमेमुळे नाही. जेवणाचंही तसंच आहे, रोजचं साधं ताट चुकू नये एवढंच. त्याच्या जोडीला झोप. एका अमेरिकी प्रयोगात लोकांच्या नाकात मुद्दाम सर्दीचे विषाणू सोडले, तेव्हा सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या मानानं चौपट वेळा सर्दी झाली. मुलाला साडेसहाला काढ्यासाठी उठवत असाल, तर तो अर्धा तास त्याला झोपू दे.

आता ज्या माणसाबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, त्याबद्दल.

‘माझं काही विशेष नाही’ असं लिहून तुम्ही पुढे जी यादी दिलीत ती वाचा परत. धाप, केस गळणं, तोंड येणं, उरलेलं जेवण, उपास, चहा. अहो, तुमच्या घरात जर कोणाची प्रतिकारशक्ती खरंच अन्नावाचून अडलेली असेल, तर ती तुमची असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. मी कागदावरून निदान करत नाही, पण लोहाची किंवा बी12 ची कमतरता अशीच दिसते, थायरॉइडही कधी असं दिसतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 57 टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. निम्म्याहून जास्त! आणि ह्या काही सगळ्या गरीब घरांतल्या नाहीत. त्या अशा घरांतल्याही आहेत जिथे डाळीचं पातेलं सगळ्यात शेवटी बाईकडे येतं, आणि तेव्हा त्यात वरचं पाणी आणि तळाची मोहरी एवढंच असतं.

बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला 19. ताटं मात्र आपण नेमकी उलट वाढतो. प्रथिनांचं बघा: वजनाच्या दर किलोला साधारण 0.83 ग्रॅम, म्हणजे 55 किलोच्या बाईला रोज पंचेचाळीसएक ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, कपभर दुधात तितकेच, मूठभर दाण्यांत सात-आठ. उपासाच्या दिवशी साबुदाणा खाल्लात तर त्यात जवळजवळ नुसतं पिष्ट. त्यातले दाणे काय ते कामाचे. उपास सोडा असं मी सांगणार नाही, ती तुमची श्रद्धा आहे. पण उपास आहे म्हणून राजगिरा, दही, दाणे, दूध, फळं पोटभर खायला कोणत्या देवाची हरकत आहे? आणि जेवणाबरोबरचा, जेवणानंतर लगेचचा चहा तेवढा सोडा. चहातली द्रव्यं अन्नातलं लोह अडवून ठेवतात. तासाभराचं अंतर ठेवा, मग प्या.

जेवायला मात्र सगळ्यांबरोबर बसा. मला माहीत आहे, हे आहारापेक्षा अवघड आहे. गरम पोळी वाढायची कोणी, हा प्रश्न उभा राहील. पोळ्या आधी करून डब्यात ठेवल्या तर जगबुडी होत नाही. नवरा म्हणतो ना ‘भांडू नका’. तर न भांडण्याची किंमत म्हणून त्यानं ताटं घ्यावीत आणि वाढावं. सासूबाईंशीही ह्याच वाटेनं बोला. ‘आई, माझी इम्युनिटी कमी झालीय बहुतेक, डॉक्टर म्हणतायत नीट जेव’ असं म्हणून बघा. ज्या बाई नातवासाठी इतका वाद घालतात, त्या सुनेच्या पानात डाळ वाढायला मागे सरतील असं मला वाटत नाही. मटकी भिजवणं, मोड आणणं, अळिवाचे लाडू करणं हे त्यांच्याकडे सोपवा. स्वयंपाकघरातून त्यांना बाजूला सारल्यासारखं झालंय, रुसवा बराचसा तिथूनच आलेला आहे. जार-डबे ओट्यावरून हटले की त्यांनाही जागा होईल.

लाडवांनी आणि पालकानं मात्र आधीच खालावलेलं रक्त पटकन भरून निघत नाही, त्यामुळे तपासणी टाळू नका. ह्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन रक्ताची पूर्ण तपासणी, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी12 आणि थायरॉइड एवढं करून घ्या, आणि पाळीत रक्तस्राव जास्त होतो का तेही न लाजता सांगा. हिमोग्लोबिन 12 च्या खाली आलं तर बहुधा लोहाच्या गोळ्या देतील. त्या दुधाबरोबर, चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौचाला काळं होईल, घाबरू नका. पोट बिघडलं तर गोळी फेकून न देता डॉक्टरांकडून बदलून घ्या. आणि महिन्याभरात बरं वाटायला लागलं म्हणून बंद करू नका. आकडा सुधारल्यावरही शरीरातला साठा भरायला आणखी काही महिने लागतात, तो केव्हा भरला हे डॉक्टर सांगतील.